दक्षिण आफ्रिका: मिश्रवंशी मुलाचा वर्ण कोण ठरवायचं आणि कसा?

रानजाई | सकाळी ९:१०

वर्णभेदाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात गोरे आणि काळे हे दोन गट ठळक असतात. गांधीजींमुळे तिथले भारतीयही आपल्याला ठाऊक असतात. पण ज्या मुलाची आई एका गटातली आणि वडील दुसऱ्या गटातले, ते मूल कुठल्या रकान्यात जायचं, तो रकाना कोण भरायचं आणि त्यामुळे त्याचं रोजचं जगणं कसं बदलायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. हा धागा त्यासाठी. यंत्रणा नीट उलगडूया. साल किंवा कलम खात्रीचं असेल तरच द्या.

पाया म्हणून चार कायदे लक्षात ठेवा. १९४९चा मिश्र विवाह बंदी कायदा. १९२७चा अनैतिकता कायदा, ज्यात आधी गोरे आणि काळे यांच्यातल्या विवाहबाह्य संबंधांना बंदी होती आणि १९५० मध्ये ती गोरे आणि बाकी सगळे अशी वाढवली. १९५०चा लोकसंख्या नोंदणी कायदा. आणि त्याच वर्षीचा ग्रुप एरियाज कायदा, ज्याने कुणी कुठे राहायचं ते ठरवलं. पहिल्या दोन कायद्यांनी असं मूल जन्मालाच येऊ नये अशी सोय केली. उरलेल्या दोघांनी, आलंच तर त्याला कुठे ठेवायचं ते पाहिलं.

ॲड_मृणाल | सकाळी ९:४८

चांगला विषय. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण इथे हमखास गोंधळ होतो. विवाहबंदी फक्त गोरे आणि बिगरगोरे यांच्यात होती. काळी आई आणि कलर्ड (कायद्यातला तिसरा गट, ना गोरा ना काळा) वडील, किंवा भारतीय वडील आणि कलर्ड आई, यांचं लग्न कायदेशीर होतं. त्यामुळे 'मिश्रवंशी मूल म्हणजे गुन्ह्याचा पुरावा' हे एका बाजूलाच लागू पडतं. तिथे मात्र पुरेपूर. १९५७ मध्ये अनैतिकता कायदा नव्याने आला, त्याच्या कलम १६ खाली सात वर्षांपर्यंत कैद होती. अशा जोडप्याला मूल झालं तर वडिलांचं नाव जन्मनोंदीत घालणं म्हणजे स्वतःहून कबुली देणं. म्हणून अनेक नोंदींत वडिलांची जागा रिकामी दिसते.

आता व्याख्या. १९५०च्या कायद्यात 'गोरा' म्हणजे जो दिसायला उघडपणे गोरा आहे किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानलं जातं तो. मात्र दिसायला गोरा असूनही ज्याला लोक कलर्ड मानतात तो नाही. 'नेटिव्ह' (म्हणजे काळा) म्हणजे आफ्रिकेतल्या मूळ जमातींपैकी असलेला किंवा तसा मानला जाणारा. आणि 'कलर्ड' म्हणजे जो गोरा नाही आणि नेटिव्हही नाही तो. संपली व्याख्या. कायद्याने त्या माणसांचं वर्णन केलंच नाही, दोन कुंपणांच्या बाहेर उरले ते कलर्ड.

यात रक्ताची, वंशावळीची अट नव्हती हे लक्षात घ्या. मोजायचं होतं ते दिसणं आणि शेजारपाजाऱ्यांचं मत.

पाऊलवाट | सकाळी १०:१५

मग ही पहिली नोंद करायला घरोघरी कोणी जायचं? की प्रत्येकाने कचेरीत हजर व्हायचं?

अभिलेख | सकाळी १०:४०

पाऊलवाट, सुरुवात ८ मे १९५१च्या जनगणनेपासून झाली. गणनेच्या फॉर्मवर वंशाच्या रकान्यात जे लिहिलं गेलं तेच नोंदवहीत उतरलं. म्हणजे प्रगणकाने दारात उभं राहून केलेला अंदाज हा बहुतेकांच्या आयुष्यभराच्या वर्गाचा पाया ठरला. ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांना नंतर बोलावून प्रश्न विचारले जायचे.

१९५९ मध्ये एका घोषणेद्वारे कलर्ड गटाचेच तुकडे पाडले: केप कलर्ड, केप मलय, ग्रीक्वा, भारतीय, चिनी, इतर आशियाई आणि 'इतर कलर्ड'. पुढे तेरा आकडी ओळख क्रमांक आला तेव्हा हे थेट आकड्यांत गेलं. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, पुढचे चार लिंग आणि क्रम दाखवणारे (५००० पासून पुढे पुरुष), आणि अकरावा-बारावा मिळून नागरिकत्व आणि वर्ण. ०० म्हणजे गोरा नागरिक, ०१ केप कलर्ड, ०२ मलय, ०३ ग्रीक्वा, ०४ चिनी, ०५ भारतीय. शेवटचा आकडा पडताळणीचा. बँकेत, दवाखान्यात, नोकरीच्या अर्जावर नुसता क्रमांक लिहिला की समोरच्याला कळायचं. १९८६च्या ओळख कायद्याने क्रमांकातून वर्ण काढला आणि लोकांना नवे क्रमांक दिले गेले. जुन्या कागदांवर काम करताना हे ध्यानात ठेवा: एकाच माणसाचे दोन क्रमांक सापडतात, आणि नवशिक्या संशोधक त्यांना दोन माणसं समजतो.

ॲड_मृणाल | सकाळी ११:२०

अभिलेख यांच्या मुद्द्याला जोडून दोन दुरुस्त्या सांगते. मुलांच्या दृष्टीने त्या फार महत्त्वाच्या आहेत.

१९६२: 'दिसणं किंवा मानलं जाणं' याऐवजी गोरा ठरायला दोन्ही हवं असं झालं. शिवाय दिसणं ठरवताना सवयी, शिक्षण, बोलणं, वागण्याची ढब हेही पाहायचं. आणि एखाद्याने स्वखुशीने आपण वंशाने कलर्ड किंवा नेटिव्ह आहोत असं सांगितलं तर तो गोरा नाही. ही शेवटची तरतूद सापळ्यासारखी होती. आजी कोण होती हे एखाद्या मुलाने निरागसपणे सांगितलं, तरी ते कागदावर आलं की घरादाराच्या वर्गाला धोका.

१९६७: वंशाची अट आली. दोन्ही पालक गोरे म्हणून नोंदले गेले असतील तर मूल गोरं. एक पालक गोरा आणि दुसरा कलर्ड किंवा काळा, तर मूल कलर्ड. म्हणजे सतरा वर्षं चेहरा आणि शेजार पाहणाऱ्या कायद्याने एकदम आईबापांच्या कागदाकडे पाहायला सुरुवात केली.

या बदलामागे जी प्रकरणं होती त्यांत सँड्रा लेंगचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १९५५, गाव पीट रेटीफ, दोन्ही पालक गोरे म्हणून नोंदलेले. मुलीचा रंग सावळा, केस कुरळे. १९६६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, गोऱ्यांच्या निवासी शाळेतून पोलिसांकरवी घरी पाठवलं आणि नोंद कलर्ड केली. वडील लढले. १९६७च्या दुरुस्तीनंतर ती पुन्हा गोरी ठरली. पण कागद बदलल्याने गोऱ्या शाळा आणि शेजारी बदलले नाहीत. पुढे तिने काळ्या माणसाबरोबर संसार मांडला, तेव्हा मुलं आपल्यापाशी ठेवता यावीत म्हणून तिलाच पुन्हा कलर्ड होण्यासाठी अर्ज करावा लागला. एकाच बाईच्या वर्गाचे हे तीन बदल, आणि त्या काळात तिचं शरीर, तिचे आईबाप, काहीही बदललेलं नव्हतं.

पाऊलवाट | सकाळी ११:४२

केसांत पेन्सिल घालून पाहायचे हे खरं आहे का? की नंतर रंगवलेली गोष्ट?

अभिलेख | दुपारी १२:०५

खरं आहे. मात्र ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं, अधिकाऱ्यांची आपली रीत होती. कपाळाच्या वर, केसांच्या मुळाशी पेन्सिल आडवी सरकवायची आणि हात काढून घ्यायचा. घसरून पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. कलर्ड की काळा असा प्रश्न असेल तर डोकं हलवायला सांगायचे. हलवल्यावर पडली तर कलर्ड, तरीही टिकली तर काळा. याशिवाय नखांचा रंग, पापण्या, नाकाची ठेवण पाहत.

ही चाचणी मापन म्हणूनही फोल होती. केस किती लांब, तेल लावलेलं आहे का, आदल्या दिवशी गरम कंगव्याने सरळ केलेत का, हवेत दमटपणा किती, यावर पेन्सिलीचं पडणं ठरतं. एकाच आईच्या दोन मुलांचे केस वेगळे असणं तर नेहमीचंच. त्यामुळे सख्खी भावंडं वेगवेगळ्या वर्गात गेली, आणि पुढे ग्रुप एरियाजमुळे वेगवेगळ्या वस्तीत.

शिक्षिका_वि | दुपारी १२:५०

शाळेच्या अंगाने लिहिते. मुलाच्या वर्णाबद्दल पहिला संशय बहुतेक वेळा शाळेत यायचा. घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, शेजारी सवयीचे असतात. शाळेत मात्र चाळीस अनोळखी पालक असतात आणि त्यांतल्या एकाने तक्रार केली तरी मुख्याध्यापकाला काहीतरी करावं लागे. गोऱ्या शाळेने प्रवेश नाकारला की कलर्ड शाळा उरते, पण तिथे नाव घातलं की तीच नोंद पुढे 'हे कुटुंब स्वतःला कलर्ड मानतं' याचा पुरावा होते. म्हणून दाद मागितलेल्या काळात कित्येक मुलं कुठल्याच शाळेत नसायची. १९६३ मध्ये कलर्ड शिक्षण वेगळ्या खात्याकडे गेलं तेव्हा ही भिंत आणखी पक्की झाली.

जी कुटुंबं गोरी म्हणून खपून जायचा प्रयत्न करायची त्यांना तिथे 'प्ले व्हाइट' म्हणत. त्या घरांतलं बालपण म्हणजे सतत सांभाळणं. उन्हात खेळू नकोस. आडनाव विचारलं तर एवढंच सांग. रस्त्यात मावशी दिसली तर ओळख दाखवू नकोस. सावळे नातेवाईक दिवसाउजेडी घरी येत नसत. फोटोंच्या आल्बममधून माणसं काढून टाकली जात. मुलाला कारण सांगता येत नाही, कारण ते बाहेर बोलून बसेल. आणि कारण न सांगता मूल एकच अर्थ काढतं, की आपल्या माणसांत काहीतरी लाजिरवाणं आहे. कलमं आणि घोषणा यांच्या पलीकडचं हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं.

टेबलमाउंटन | दुपारी १:३०

आपण सगळे कलर्ड आणि गोरा या सीमेबद्दलच बोलतोय. संख्येने आणि परिणामाने दुसरी सीमा जास्त जिव्हारी लागणारी होती: काळा की कलर्ड.

काळा ठरलं की सोळाव्या वर्षापासून पासबुक (ओळख आणि शहरात राहण्याची परवानगी दाखवणारी पुस्तिका) सतत जवळ हवं (१९५२चा कायदा). शहरात राहायला ठरावीक कलमांखाली हक्क सिद्ध करावा लागे, नाहीतर हकालपट्टी. कलर्ड माणसाला पासबुक नव्हतं. पश्चिम केपमध्ये तर १९५५ पासून नोकरीत कलर्ड लोकांना काळ्यांच्या आधी प्राधान्य असं सरकारी धोरणच होतं, ते १९८४ पर्यंत चाललं. मग १९७०चा होमलँड (काळ्यांसाठी जमातवार आखून दिलेले प्रदेश) नागरिकत्व कायदा आला. त्याने प्रत्येक काळ्या माणसाला कुठल्यातरी होमलँडचा नागरिक ठरवलं, आणि १९७६ मध्ये ट्रान्सकाय हा खोसा लोकांचा होमलँड 'स्वतंत्र' झाल्यावर तिथले म्हणून गणलेले लोक कायद्याने दक्षिण आफ्रिकेत परके झाले.

आता केपटाऊनमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. आई खोसा, वडील कलर्ड, मुलं कलर्ड म्हणून नोंदलेली. मुलं या देशाची नागरिक, आई कागदोपत्री ट्रान्सकायची. आईचा शहरात राहण्याचा हक्क तिच्या नोकरीवर आणि मालकाच्या सहीवर. मुलांची जागा कलर्ड वस्तीत. म्हणून अशा घरांत मुलांशी आफ्रिकान्स बोलायचे, खोसा भाषा घराबाहेर काढायची नाही, आईकडचं आडनाव वापरायचं नाही. गोरं होण्याची हाव म्हणून हे कुणी करत नव्हतं. आई-मुलं एका छपराखाली राहावीत एवढाच हेतू.

ॲड_मृणाल | दुपारी २:१०

टेबलमाउंटन, हा मुद्दा आणलात ते फार बरं केलंत. घराबद्दल त्यातच भर घालते.

ग्रुप एरियाज कायद्याची व्याख्या नोंदणी कायद्याहून वेगळी होती. त्यात सहवासावरून वर्ग बदलत असे. गोरी व्यक्ती कलर्ड जोडीदाराबरोबर राहत असेल तर त्या कायद्यापुरती ती कलर्ड गटात धरली जायची. म्हणजे एकच माणूस ओळखपत्रावर गोरा आणि घराच्या बाबतीत कलर्ड. जास्तीत जास्त हाल या दोन कायद्यांच्या सांध्यावरच झाले.

याचा पुढचा भाग लोकांना सहसा माहीत नसतो. १९८५ मध्ये मिश्र विवाह बंदी आणि कलम १६ दोन्ही रद्द झाले, तेव्हा बातम्यांत मोठं कौतुक झालं. पण ग्रुप एरियाज १९९१ पर्यंत कायम होता. त्यामुळे त्या सहा वर्षांत लग्न कायदेशीर, पण गोऱ्या वस्तीत एकत्र राहायला परवाना हवा, नाहीतर जोडीदाराच्या गटाच्या वस्तीत जा. मुलांच्या शाळाही त्याच हिशोबाने. विनोदकार ट्रेव्हर नोआचा जन्म फेब्रुवारी १९८४चा, आई खोसा आणि वडील स्विस. म्हणजे कलम १६ गेलं तेव्हा तो एक वर्षाचा होता, तरी आईवडिलांना एकत्र घर करणं सोपं झालं नव्हतं.

टेबलमाउंटन | दुपारी २:३५

आणि वस्त्या कशा हलवल्या तेही पाहा. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स ११ फेब्रुवारी १९६६ रोजी गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. साठ हजारांहून जास्त लोक टप्प्याटप्प्याने केप फ्लॅट्सवर हलवले गेले: बॉन्टेह्यूवेल, मॅननबर्ग, हॅनोव्हर पार्क, नंतर मिचेल्स प्लेन. वाळूचं सपाट माळरान, कामाची जागा दूर, आणि घरवाटप कुटुंबाच्या नव्हे तर वर्गाच्या हिशोबाने. ज्या गल्लीत खोसा, कलर्ड, मलय, भारतीय, ज्यू शेजारी होते तिथे मिश्रवंशी मूल वेगळं दिसत नव्हतं. एकाच रंगाच्या वस्तीत आल्यावर ते पहिल्यांदा वेगळं दिसायला लागलं.

रानजाई | दुपारी ३:०५

मृणाल, नोंद चुकली असं वाटलं तर दाद मागायची पद्धत टप्प्याटप्प्याने सांगाल का?

ॲड_मृणाल | दुपारी ३:५०

सांगते. मूळ कायद्याप्रमाणे:

१. वर्ग कळल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत, सोबत प्रतिज्ञापत्रं दोन प्रतींत.
२. हरकत वर्गीकरण मंडळाकडे जाई. मंडळात किमान तीन सदस्य, अध्यक्ष आजी-माजी न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट.
३. मंडळाचा निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाच्या विभागीय पीठाकडे अपील.

सुरुवातीच्या कायद्यात दुसऱ्याच्या वर्गावरही हरकत घेता येत होती, त्यासाठी १० पौंड अनामत भरावी लागे. १९६१ मध्ये रँड हे नवं चलन आल्यावर ते २० रँड. शेजाऱ्याशी भांडण झालं तर त्याच्या मुलांच्या वर्णावर हरकत, असं हत्यारच हातात दिलं होतं.

पुरावा म्हणून काय चालायचं? पाद्री, मालक, शिक्षक, शेजारी यांची 'आम्ही यांना अमुक मानतो' अशी प्रतिज्ञापत्रं. कुठल्या चर्चला जाता, कुठल्या वॉर्डात बाळंतपण झालं, गाडीच्या कुठल्या डब्यात बसता, कुठल्या क्लबात खेळता. प्रकरणं पडायची ती मुख्यतः तीन कारणांनी. एक, आयुष्यात कधीतरी भरलेल्या एखाद्या फॉर्मवर 'कलर्ड' लिहिलेलं सापडायचं. दोन, भावंडाची नोंद आधीच वेगळी असायची. तीन, साक्षीदार कलर्ड मित्र असायचे, आणि ते मित्र आहेत हाच अर्जदाराविरुद्धचा पुरावा धरला जायचा. जिंकायचं तर आपल्याच माणसांशी संबंध नाहीत असं दाखवावं लागे.

पाऊलवाट | दुपारी ४:२०

एक मूलभूत शंका. 'कलर्ड' म्हणजे गोऱ्या-काळ्या पालकांची मुलं, एवढंच ना?

अभिलेख | दुपारी ४:५५

नाही, आणि हा घोळ सोडवल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. कलर्ड हा केपमधला जुना समाज आहे. खोइखोइ आणि सान हे तिथले मूळ लोक, डच वसाहतवाले, आणि गुलाम म्हणून आणलेली माणसं यांतून तो सतराव्या-अठराव्या शतकात घडला. गुलाम कुठून आणले? मादागास्कर, मोझांबिक, आजचा इंडोनेशिया, आणि बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा. जुन्या नोंदींत 'फान बेंगालेन' (बंगालचा), 'फान मालाबार' (मलबारचा) अशी नावं भरपूर सापडतात. म्हणजे आपल्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसंही या समाजाच्या पूर्वजांत आहेत. गुलामगिरी १ डिसेंबर १८३४ रोजी संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली मालकाकडेच सक्तीचं काम आणखी चार वर्षं चाललं. सप्टेंबर, फेब्रुवारी, एप्रिल अशी महिन्यांची आडनावं आजही तिथे आहेत, ती गुलामीच्या काळातलीच.

कित्येक पिढ्यांपासून ज्या घरात आई, वडील, आजी, आजोबा सगळे कलर्ड आहेत, त्यांना 'तुम्ही कशाचं मिश्रण?' असं विचारणं त्यांना योग्य वाटत नाही, आणि वाटूही नये. याउलट ज्याची आई झुलू आणि वडील गोरे, असं मूल १९५०च्या कायद्याने या समाजात ढकललं गेलं. त्याची भाषा वेगळी, चर्च वेगळं, नातेवाईक त्या समाजात कुणीच नाहीत. काहींना तिथे मायेने सामावून घेतलं, काही कायम पाहुणेच राहिले. दोन्ही गटांना एकच शिक्का असला तरी त्यांचं बालपण सारखं नव्हतं. २०२२च्या जनगणनेत ८.२ टक्के लोकांनी स्वतःला कलर्ड म्हणून नोंदवलं आहे. आता ती नोंद ज्याची त्याने स्वतः सांगायची असते.

हिरवाई | संध्याकाळी ५:४०

आजच्या काळाबद्दल विचारते. जोहान्सबर्गमध्ये मराठी वडील आणि त्स्वाना आई असलेल्या मुलाच्या कागदांत काय लिहायचं? जन्मदाखल्यावर वर्ण असतो का?

ॲड_मृणाल | संध्याकाळी ६:२५

जन्मदाखल्यावर वर्ण नसतो. लोकसंख्या नोंदणी कायदा जून १९९१ मध्ये रद्द झाला, आणि आज माणसाचा वर्ण ठरवणारी कुठलीही कायदेशीर चाचणी नाही.

जन्मनोंद ३० दिवसांत गृहखात्याकडे डीएचए-२४ फॉर्मवर करायची. उशीर झाला तर जादा प्रतिज्ञापत्रं आणि पडताळणी लागते, म्हणून मुदत पाळाच. वडील परदेशी असतील तर त्यांचा पासपोर्ट आणि वैध परवाना लागतो. लग्न झालेलं नसेल तरी आता वडिलांच्या नावाने नोंद करता येते. त्याआड येणारं १९९२च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातलं कलम १० घटना न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केलं. दोन्ही पालकांचा तपशील असलेला पूर्ण दाखला घ्या, मुलाला घेऊन प्रवास करताना तो लागतो.

वर्ण विचारला जातो तो पुढे: शाळेच्या आकडेवारीत, विद्यापीठाच्या अर्जात, आणि नोकरीत ईईए१ फॉर्मवर. तिथे स्वतःच स्वतःचा गट सांगायचा असतो. आफ्रिकन, कलर्ड किंवा भारतीय, मुलाला जे आपलं वाटेल ते. १९९८च्या रोजगार समता कायद्यात हे तिन्ही गट 'ब्लॅक पीपल' या एकाच संज्ञेत येतात, त्यामुळे नोकरीतल्या प्राधान्याचं पात्रत्व बुडत नाही. फक्त एक अट पाहा: व्यक्ती जन्माने किंवा वंशाने नागरिक हवी, किंवा २७ एप्रिल १९९४ पूर्वी नागरिकत्व घेतलेली. म्हणून, समजा वडील २००५ मध्ये तिथे आले असतील, तर ते स्वतः यात बसत नाहीत, पण नागरिक आईचं तिथे जन्मलेलं मूल बसतं. फॉर्म कोरा ठेवला तर मालक उपलब्ध जुन्या नोंदींवरून गट ठरवू शकतो. म्हणून कोरा ठेवू नका.

टेबलमाउंटन | संध्याकाळी ६:५०

मृणाल यांच्या 'पात्रत्व बुडत नाही' याला माझा थोडा आक्षेप आहे. पात्रत्व बुडत नाही, पण उद्दिष्टं गटवार असतात. पश्चिम केपमध्ये जवळपास निम्मी लोकसंख्या कलर्ड होती, तरी तुरुंग खात्याने बढत्यांसाठी देशपातळीवरचं ८.८ टक्के प्रमाण लावलं. म्हणजे कलर्ड कर्मचारी 'जास्त झाले' म्हणून मागे ठेवले गेले. जुलै २०१६ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की प्रादेशिक प्रमाणही धरायलाच हवं. तेव्हा कुठल्या खुणेवर टिक करायची याचा प्रत्यक्षात परिणाम होतो, विशेषतः सरकारी नोकरीत.

ॲड_मृणाल | संध्याकाळी ७:०५

मान्य, गटवार उद्दिष्टांचा फरक पडतो. तरीही फायदा पाहून दर वेळी वेगळी खूण करू नये हे माझं ठाम मत आहे. नोंदी जुळल्या नाहीत तर त्रास मुलालाच होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण कोण हे सोयीनुसार बदलायचं असतं असं ते शिकतं.

शिक्षिका_वि | संध्याकाळी ७:३०

शाळेत आजही अडतं ते मुख्यतः केसांवर. २०१६ मध्ये प्रिटोरियातल्या मुलींच्या एका शाळेत यावरून मोठं आंदोलन झालं. 'केस नीटनेटके हवेत' असा नियम असतो आणि नीटनेटके म्हणजे सरळ, असं गृहीत धरलेलं असतं. १९९६च्या शाळा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आचारसंहिता पालक, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याशी चर्चा करूनच ठरवायची असते. तेव्हा आधी त्या नियमाची लेखी प्रत मागा, मग शाळेच्या नियामक मंडळाला लेखी पत्र द्या, उत्तर आलं नाही तर जिल्हा कार्यालयाकडे जा. तिथेही नाही झालं तर समता न्यायालय. मॅजिस्ट्रेट न्यायालयातच ते असतं, फी नाही, वकील लागत नाही. प्रथमदर्शनी भेदभाव दाखवलात की तो अन्याय्य नव्हता हे शाळेला सिद्ध करावं लागतं.

सरळ केसांच्या पालकांना कुरळ्या केसांची निगा ठाऊक नसते, म्हणून सांगते. रोज धुवायचे नाहीत, आठवड्यातून एकदा पुरे. कोरडे विंचरले तर तुटतात. ओले असताना भरपूर कंडिशनर लावायचं, चार-सहा भाग करायचे आणि रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जायचं. मुळापासून ओढलं की गुंता खाली घट्ट होतो आणि मूल रडतं. झोपताना साटीनची टोपी किंवा उशी, सुती कापड ओलावा शोषून घेतं. वेण्या घट्ट नकोत, कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. आणि हे करताना 'काय हे केस' असं तोंडातून येऊ देऊ नका. ज्या देशात केसांत पेन्सिल घालून माणसाची किंमत ठरली, तिथे ते वाक्य मुलाला नुसतं केसांबद्दल वाटत नाही.

रानजाई | रात्री ८:१०

अभिलेख, शेवटचा प्रश्न तुम्हाला. वर्गीकरणाने तुटलेली घराण्याची शाखा शोधायची तर कुठून सुरुवात करावी?

अभिलेख | रात्री ९:००

जन्मापासून नको, मृत्यूपासून सुरुवात करा. वारसा फाइलमधली मृत्युसूचना हा सगळ्यात भरवशाचा कागद: त्यात आईवडील, जोडीदार, सगळी मुलं, जन्मगाव असतं. केपच्या जुन्या सूचना एमओओसी ६/९ या मालिकेत, केपटाऊनच्या रोलँड स्ट्रीटवरच्या अभिलेखागारात. राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूची आधी चाळा, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरही बरंच स्कॅन झालंय. सूचना देणारी व्यक्ती कोण ते पाहा. 'गोऱ्या' झालेल्या मुलाचं नाव गाळलेलं असेल तर यादीतल्या वयांच्या मधली मोठी फट ते दाखवते.

मग बाप्तिस्म्याच्या वह्या. तिथे वडिलांचं नाव नसलं तरी साक्षीदारांची नावं असतात, आणि वडिलांकडची आत्या किंवा काका तिथे सापडण्याची शक्यता बरीच. त्यानंतर गृहखात्याकडून जन्मनोंदीच्या मूळ हस्तलिखित पानाची प्रत मागवा. संगणकातून काढलेल्या छोट्या दाखल्यात समासातल्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि वर्ग बदलल्याची खूण समासातच असते. मतदारयाद्या पाहताना १९५६ नंतर केपमधले कलर्ड मतदार वेगळ्या यादीत आहेत हे विसरू नका. एका यादीतून नाव गायब होऊन त्याच पत्त्यावर दुसऱ्या यादीत आलं, तर तारखा लिहून ठेवा.

आडनावाची सगळी रूपं शोधा. वेगळ्या वर्गात गेलेल्या शाखेने बरेचदा एखादं अक्षर बदललेलं असतं. आणि पलीकडच्या शाखेतलं कुणी सापडलं तर पहिल्याच पत्रात कागद पाठवू नका. आधी फक्त पणजीचं नाव आणि गाव लिहा, आणि बोलायची इच्छा आहे का ते विचारा. कित्येक घरांत ही गोष्ट अजून मुलांना सांगितलेली नाही.